हवेत

रुद्रच्या नावापुढचा ठिपका हिरवा झाला तेव्हा माझ्या हातातला चहा हिंदकळून बशीत सांडला. त्या वेळी रुद्र जमिनीवर कुठेही नव्हता. माझा हा धाकटा भाऊ आईला घेऊन मध्यरात्र उलटल्यावर मुंबईहून निघाला होता आणि दुपारच्या आत जर्मनीत उतरणार होता. मधल्या तासांत त्या दोघांचा पत्ता म्हणजे अक्षांश, रेखांश आणि उंची, तोही क्षणाक्षणाला बदलणारा. मी मात्र पत्त्यावर होते. वसमत, मोंढ्याचा रस्ता, बियाण्यांच्या दुकानावरची माडी, रणजीत राठोडचं सायबर कॅफे. शाळेआधी मी तिथे जात असे, मेल बघत असे, नववीच्या वर्गासाठी एखादी आकृती उतरवून घेत असे. रणजीतच्या तारेवर कालचे निरोप आज मिळणं नवं नव्हतं, म्हणून तो हिरवा ठिपका मी आधी शिळाच समजले. मग पडद्यावर चॅटची खिडकी उघडली. इंग्रजी अक्षरांत मराठी. ताई, आहेस का? आम्ही विमानातच आहोत. इथे वायरलेस इंटरनेट मिळतं, मी घेतलंय. समुद्र संपला, आता खाली डोंगर आहेत, त्यांच्यावर बर्फ आहे, आणि आम्ही पश्चिमेला पळतोय म्हणून पहाट काही केल्या संपत नाही.

निघण्याआधी त्याने हे सांगितलं होतं आणि मी हसले होते. विमानात इंटरनेट म्हणजे मला त्याच्या इतर गोष्टींसारखंच वाटलं होतं, तिकडे झाडाखाली बसून मेल पाठवतात, तिकडे बस मिनिटावर येते. आता मी त्या ओळीकडे बघत राहिले आणि तिचा रस्ता मनात काढू लागले. विमानाच्या पाठीवर अँटेना. तिथून सरळ वर, विषुववृत्तावर टांगल्यासारखा दिसणारा उपग्रह, छत्तीस हजार किलोमीटरवर. तिथून परत खाली कुठल्या तरी परदेशी माळावरच्या मोठ्या थाळीत, तिथून समुद्राखालच्या केबलमध्ये, मुंबई, नांदेड, आणि शेवटी आमच्या गल्लीत चिंचेच्या फांदीला घासत आलेली टेलिफोनची तार. वारा सुटला की ती फांदी तारेवर हलते आणि रणजीतचं कनेक्शन तुटतं. एवढा प्रवास करून, फांदी चुकवून, ती ओळ मला विचारत होती, आहेस का? मला एकदम हसू आलं. विज्ञान शिकवताना मी मुलींना नेहमी सांगते की आश्चर्य वाटलं तर आधी मोजा, मग वाटू द्या. मी मोजलं होतं, आणि तरी ते कमी होत नव्हतं. मी लिहिलं, आहे.

रणजीतने पाठीमागून डोकावलं. तो बंजारा तांड्यावरचा, तिशीतला, पोट सुटायला लागलेला, तोंड सतत चालू. ‘‘मॅडम, खरंच वरून बोलून राहिले?’’ मी मान हलवली. त्याने स्वतःच्याच मॉनिटरवर थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारावी तशी. ‘‘आमचे आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलुख फिरायचे. मी इथं बसून आभाळातला माल उतरवून घेऊन राहिलो. धंदा तोच हाय बघा, वाहतुकीचा.’’

मग दुसरी ओळ आली. ताई, आई काहीच खात नाही. पाणीसुद्धा नुसतं ओठाला लावते. बीपीची गोळी जेवल्यावर घ्यायची, तीही राहिली आहे. हवाईसुंदरी तीन वेळा येऊन गेली. आणि पुढे, थोडं थांबून, आई म्हणते, उतरल्यावर याच विमानाने परत जाते. मी पहिल्यांदा चेष्टा समजलो. चेष्टा नाही. रडत नाही, चिडत नाही, शांतपणे बसून म्हणतेय, माझं निघणंच झालं नाही तर पोचणं कसं होईल?

बाकी कुणाला या वाक्याचा अर्थ लागला नसता. मला लगेच लागला, आणि परवाची सकाळ डोळ्यांपुढे आली तशी त्या सकाळचा वासही आला, शिजत्या हळदीचा, मातकट आणि उष्ण, जो एप्रिलभर आमच्या गावच्या, कुरुंद्याच्या शिवारातून हलत नाही. अंगणापलीकडच्या खळ्यावर हळद शिजवायची काहील चढली होती. रुद्रने नांदेडपर्यंत जीप केली होती, पुढे रेल्वे. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. आईने नवं इरकली लुगडं नेसलं होतं, पायात रुद्रने आणलेले बूट, ज्यांच्यामुळे ती पाण्यात चालल्यासारखी पाऊल उचलत होती. तिच्या हातावर मी दही घातलं. ते चाटून ती खळ्याच्या कडेला गेली आणि म्हणाली, ‘‘येते.’’ अप्पा काहिलीखाली पाचट सारत होते. धूर त्यांच्या बाजूने होता. ते म्हणाले, ‘‘दाराची कडी लावली का?’’ आई म्हणाली, ‘‘लावली. येते म्हणलं.’’ अप्पा म्हणाले, ‘‘ऐकलं.’’ आणि पाचटाचा आणखी एक भारा उचलून आत सारला. आई थोडा वेळ उभी राहिली. मग वळली आणि बुटांसकट जीपमध्ये बसली. तिथून मुंबईपर्यंत ती बोलली, हसली, आगगाडीत शेजारणीला हळदीचं लोणचं कसं घालतात ते सांगितलं. पण गाडीत तिने खाल्लं होतं का, हे रुद्रने पाहिलं नव्हतं. आता पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं की डब्यातल्या दशम्या मोडलेल्याच नाहीत.

आमच्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्यात नवल काही नाही, सगळीकडेच तसं आहे. पण घरातल्या मोठ्या माणसाने त्यावर ‘ये’ म्हणावं लागतं. तेवढं झालं की निघणं झालं. एकदा कॉलेजच्या सुट्टीत, डोकं भौतिकशास्त्राने तापलेलं असताना, मला वाटलं होतं की ही सापेक्ष गतीची गोष्ट आहे. येणं आणि जाणं यांत फरक नसतोच, फरक फक्त बघणारा कुठे उभा आहे त्याचा. निघणारा ‘येतो’ म्हणतो तेव्हा तो अजून स्वतःला घराच्या उंबऱ्यावरूनच मोजत असतो. आणि घर ‘ये’ म्हणतं तेव्हा ते मोजमाप मान्य करतं. मान्य झालं नाही तर माणूस मधल्या मध्ये लटकतो, ना इकडच्या चौकटीत ना तिकडच्या. हे मी आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, येवढं शिकून हेच कळलं का गं तुला. आणि ती तर आता खरोखरच मधल्या मध्ये होती, ढगांच्या वर, न संपणाऱ्या पहाटेत, मांडीवर दशम्यांचा डबा ठेवून.

आमच्या घरात ‘ये’ म्हणण्याचं काम आजीचं होतं. मी परभणीला शिकायला निघाले तेव्हा अप्पांनी माझी पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आणली, एसटीच्या टपावर स्वतः चढून बांधली, खाली उतरून धोतराला हात पुसले आणि कंडक्टरला म्हणाले, पोरगी हाय, जागा बघा. मला काही म्हणाले नाहीत. त्याची गरजच नव्हती. ‘ये’ घरून निघताना आजीने म्हटलं होतं, तोंडातलं पान एका गालात सारून. आई माहेरी जायची तेव्हाही आजीच म्हणायची. आजी गेली त्यानंतर आई एकटी कुठे गेलीच नाही. लग्नं, बारशी, बाजार, दवाखाना, सगळीकडे अप्पा पुढे आणि ती मागे, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून. त्यामुळे आजीमागे हा अधिकार घरात कुणाकडे आला, ते कुणी ठरवलंच नव्हतं. आईने मात्र मनाशी ठरवलं होतं. अप्पांना कळवायचं राहिलं होतं.

या सगळ्याला पडद्यावर वेळ किती लागला असेल, रुद्रने दोनदा ‘ताई?’ एवढंच लिहिलं होतं तेवढा. मी सोपा मार्ग घेतला. लिहिलं, आईला सांग, अप्पा ‘ये’ म्हणाले आहेत, काल रात्री माझ्यापाशी म्हणाले. उत्तर जवळजवळ लगेच आलं आणि ते सगळं आईचं होतं, रुद्रने बदल न करता उतरवलेलं, माझ्या घरच्या ‘साधी’ या हाकेसकट. साधी, उगं बनवू नको मला. ते तुझ्यापाशी निरोप ठेवणारे हायेत का? ये काय उसनं पासनं असतंय, याच्या हातून त्याला द्यायला? ज्याचं त्यानं म्हणावं. रणजीत मागून मोठ्याने वाचत होता. ‘‘बराबर हाय,’’ तो म्हणाला. ‘‘माय पक्की हाय तुमची.’’

अप्पा त्या सकाळी वसमतलाच होते, ही माहिती माझ्याकडे होती. घर रिकामं झाल्यावर त्यांना तिथे बसवेना, म्हणून वाळलेली पहिली हळद टेम्पोत घालून ते भल्या सकाळी मोंढ्याच्या बाजारात विकायला आले होते. माझ्या खोलीवर येऊन चहा प्याले, कपाकडे बघत म्हणाले होते, ‘‘आता कुठं आसंल?’’ मी घड्याळ बघून म्हणाले होते, अरबी समुद्र ओलांडला असेल. ‘‘समुद्र,’’ ते म्हणाले होते, आणि कप तसाच ठेवून उठले होते.

मी रुद्रला लिहिलं, थांब, त्यांना आणते, आणि जिना उतरले. मोंढ्यात पिवळी धूळ उडत होती. हळदीच्या ढिगांमधून अडते हळकुंडं मोडून आतला रंग बघत हिंडत होते. अप्पा आपल्या ढिगाशी पोत्यावर बसले होते, बोटं आणि नखं पिवळीधमक, डोळे ढिगावर आणि मन तिथे नाही. मला बघून दचकले. ‘‘काहून गं? शाळा न्हाई का आज?’’

‘‘आईचा निरोप आलाय, अप्पा.’’

‘‘पोचली?’’

‘‘नाही. वाटेत आहे.’’

‘‘वाटेत कुठं थांबलं इमान? बिघडलं का?’’

‘‘चालतंय. चालत्या विमानातून बोलतेय ती. चला, रणजीतकडे.’’

त्यांनी वर बघितलं. आकाश पांढरट होतं, एक घार फिरत होती. मग त्यांनी समोर बघितलं. सौदा निघायला आला होता, अडत्यांचा घोळका दोन ढीग सोडून उभा होता. आपला माल सोडून आजवर ते लघवीलाही गेले नव्हते. ‘‘शेषराव,’’ शेजारच्या ढिगावरच्या माणसाला ते म्हणाले, ‘‘माझ्याकडं बघ रे जरा. आलोच.’’ शेषराव म्हणाला, ‘‘तातेराव, सौदा सोडून कुठं? कलेक्टर आलाय का?’’ ‘‘त्याच्याबी वरून बोलावणं हाय,’’ अप्पा म्हणाले, आणि मला हसू आवरेना, कारण ते त्यांनी अगदी सरळपणे, माहिती द्यावी तसं म्हटलं होतं.

जिन्यात असतानाच रणजीतचा आवाज आला. मी गेल्यावर तो माझ्या खुर्चीवर बसला होता आणि नवी ओळ एकेक अक्षर लावून वाचत होता. aaila appa havet. रुद्र सहा वर्षं पुण्यात राहिला, तेवढ्यात त्याची भाषा थोडी सरकली. कुरुंद्याचं ‘पाहिजे’ जाऊन ‘हवं’ आलं. त्याने लिहिलं होतं, आईला अप्पा हवेत. रणजीतने वाचलं, ‘‘आयला! अप्पा हवेत?’’

अप्पा जिन्याच्या मधल्या पायरीवर थबकले. ‘‘कोण म्हणतंय?’’

‘‘वरून लिहून आलंय, अप्पा. तुमी हवेत हाय म्हणे.’’

‘‘मी कुठला हवेत? मी हा जिन्यात हाय. हवेत तर तीच हाय की.’’ आणि मग काळजीने माझ्याकडे वळून, ‘‘तिला चक्कर-बिक्कर तर आली न्हाई? उलटंच दिसून राहिलंय तिला.’’

मी जिन्याच्या कठड्याला धरून हसले. शाळेत मी फारशी हसत नाही. मुलींनी बघितलं असतं तर त्यांना मी ओळखू आले नसते. हसता हसता मला ते वाक्य दोन्ही अर्थांनी एकाच वेळी दिसत होतं, काचेच्या लोलकातून गेल्यासारखं. आईला अप्पा हवेत. आई हवेत. अप्पाही, खरं तर, परवापासून जमिनीवर नव्हतेच. ‘‘अप्पा,’’ मी म्हणाले, ‘‘हवेत म्हणजे पाहिजेत. पुण्याकडं तसं म्हणतात. आईला तुम्ही पाहिजेत, असं लिहिलंय.’’

ते उरलेल्या पायऱ्या एकेक करून चढले. वर आल्यावर म्हणाले, ‘‘असं म्हणली ती?’’

‘‘म्हणाली.’’

‘‘मग पाहिजेत लिहावं की नीट,’’ ते म्हणाले. ‘‘लोकांचा घोळ व्हतो.’’ पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि रणजीतने प्रथमच आपण होऊन तोंड बंद ठेवलं, खुर्ची सोडली, ती फडक्याने पुसली.

मी त्यांना सगळं सांगितलं. दशम्यांचा डबा, गोळी, परतीचं विमान. रुद्रची बायको पोटुशी आहे, दिवस भरत आलेत, आई पोचली नाही तर तिथे तिच्याजवळ आपलं म्हणावं असं कुणी नाही, हे त्यांना माहीत होतं, तरी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिवळी बोटं एकमेकांवर घासत राहिले. ‘‘तवाच म्हणायचं व्हतं मला,’’ ते म्हणाले. ‘‘तोंडाशी आलं व्हतं. पण ये म्हणलं की जा म्हणल्यासारखंच हाय ना, पोरी. न्हाई म्हणलं तर वाटलं, अजून घरातच हाय ती. कडी लावून आतच बसल्यासारखी.’’ मी जे सापेक्ष गतीवरून काढलं होतं ते त्यांनी धुरात, पाचट सारता सारता, उलट्या बाजूने गाठलं होतं. आणि त्यांच्या मौनात परवा मला जो रुक्षपणा दिसला होता तो कुठे गेला ते कळलं नाही. त्यांनी आईला लटकवत ठेवलं नव्हतं. धरून ठेवलं होतं.

‘‘आता म्हणलं तर चालंल का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘निघून गेल्यावर?’’

‘‘पोचायच्या आत म्हटलं की चालतं,’’ मी म्हणाले. असा नियम कुठेच नाही. मी तो त्या क्षणी केला. पण आजवर त्याची गरज कुणाला पडली नव्हती. वाटेवरच्या माणसाला आमच्याकडे कुणी बोलवत नाही. मागून हाक मारली की काम होत नाही म्हणतात. बैलगाडी वळणापलीकडे गेली, एसटी धुरळ्यात गेली, की माणूस पोचेपर्यंत नसल्यासारखाच. आता मात्र मधल्या वाटेवर एक दार निघालं होतं आणि ते रणजीतच्या माडीत उघडत होतं.

रुद्रची ओळ आली, ताई, उतरायला लागलो की हे बंद करायला लावतील. आई विचारतेय, लिहिणारं कोण आहे? तू लिहिलंस तर चालणार नाही म्हणते. आणि तेवढ्यात लाईट गेली. पंखा मंदावला, बाकीचे पडदे काळे झाले, खालच्या दुकानातला रेडिओ शब्दाच्या मध्येच थांबला. आमचा पडदा तेवढा राहिला आणि टेबलाखालचा यूपीएस टुंईं टुंईं करू लागला. ‘‘म्हातारी बॅटरी हाय,’’ रणजीत म्हणाला. ‘‘लवकर उरका, अप्पा. लोडशेडिंगला माय-बाप नसते.’’

अप्पा खुर्चीवर बसले, कण्याने सरळ, चावडीत अंगठा द्यायला बसावं तसे. त्यांना मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही. ‘‘कुठलं दाबू?’’

‘‘ते वरच्या ओळीतलं,’’ मी म्हणाले, ‘‘बेचक्यासारखं.’’ त्यांनी शोधलं. झोपडीच्या मेढीला असतं तसं दोन फाट्यांचं अक्षर त्यांना लगेच दिसलं, आणि त्यांनी ते दाबलं, वाय उमटला. ‘‘आता त्याच ओळीत, इकडं, तिफणीसारखं.’’ ‘‘आडवी तिफण,’’ ते पुटपुटले. तीन दात्यांची तिफण त्यांनी जन्मभर हाकली होती. तिच्यावर बोट गेलं आणि तिथेच राहिलं. हळद उपटणारं, बैलाची वेसण धरणारं बोट, त्याला हलकं दाबणं माहीत नाही. त्यांनी बी जमिनीत दाबावं तसं ते अक्षर दाबून धरलं, आणि पडद्यावर ई मागून ई, ओळ भरली, दुसरी सुरू झाली. yeeeeeeeeeeeeee. ‘‘अप्पा, सोडा, सोडा,’’ मी म्हणाले. ते घाबरून हात मागे घेईपर्यंत तिसरी ओळ निम्मी झाली होती. मी पुसायला हात पुढे केला. यूपीएसचा आवाज बदलून सलग झाला. रणजीत म्हणाला, ‘‘मॅडम, तसंच जाऊ द्या,’’ आणि त्याने माझ्या खांद्यावरून हात घालून ते पाठवून दिलं.

मग काहीच नाही. यूपीएस एकाच सुरात ओरडत होता. मी विचार करत होते की आता ते कुठे असेल, वर की खाली, आणि हे की आईला यातून काय कळणार. अक्षरांना आवाज नसतो, पडद्यावर माझं ‘ये’ आणि अप्पांचं ‘ये’ यांत कणभर फरक नाही, आणि असा गचाळ लांबलचक प्रकार बघून ती म्हणेल, पोरांनी काहीतरी खेळ मांडलाय. अप्पा बोटाकडे बघत होते. कीबोर्डवर दोन अक्षरं पिवळी झाली होती. रणजीत हळूच म्हणाला, ‘‘अप्पा, याला हळद लावली तुमी. आता लगीन लावूनच जा.’’

ओळी आल्या त्या एकदम आल्या, एकीवर एक. ताई, मी आधी नुसतं ‘ये’ वाचून दाखवलं. म्हणाली, हे साधीनंच लिहिलंय. मग पडद्याकडे बघून म्हणाली, येवढं लांब काय हाय ते? मी म्हणालो, सगळं ‘ये’च आहे. म्हणाली, मग लांब वाच. जेवढं हाय तेवढं वाच. मी हळू वाचलं. म्हणाली, मोठ्यानं. ताई, मी विमानात उभा राहून येऽऽऽऽ असं ओरडलोय. सगळी माणसं वळून बघत होती, हवाईसुंदरी धावत आली. आणि आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून हसतेय. म्हणते, हे तेच हायेत. बांधावरून. येवढा दम तुझ्या ताईला कुठला.

मी ते वाचून दाखवत होते आणि मला ती हाक ऐकू येत होती. अप्पांनी आईचं नाव कधी घेतलं नाही. भाकरीची वेळ झाली की ते हळदीच्या वावरातून बांधावर येत आणि घराच्या दिशेने तोंड करून हाक देत, ‘‘येऽऽऽ’’. तीच तिला बोलावण्याची हाक, तेच तिचं नाव. उन्हात ती हाक पानांवरून लांबत यायची, आणि आई, चुलीपुढे असो की विहिरीवर, पाटी डोक्यावर घेऊन निघायची. आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. पार्वतीबाई हे नाव रेशनकार्डावर होतं. तिला हाक मारायची ती या एका अक्षराने, आणि ते किती लांब ओढायचं ते एकाच माणसाला माहीत होतं.

शेवटची ओळ आली, दशमी मोडली. अर्धी शेजारच्या जर्मन बाईला दिली, शेंगांच्या चटणीसकट, ती बाई पाणी पाणी करतेय. गोळी घेतली. विचारतेय, हळदीचा सौदा झाला का? आणि एवढ्यावर पडदा आक्रसून मध्ये एक पांढरा बिंदू झाला आणि विझला. माडीत उजेड तेवढाच राहिला जेवढा खिडकीतून येत होता. बराच होता.

‘‘जेवली?’’ अप्पांनी विचारलं.

‘‘जेवली.’’

‘‘मंग बराबर निघाली आता,’’ ते म्हणाले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि कपाळ पिवळं झालं. ‘‘सौदा!’’ ते एकदम उठले. रणजीतने पैसे घेतले नाहीत, आणि फडकं घेऊन कीबोर्ड पुसायला लागला, पण ती दोन अक्षरं सोडून बाकीचं पुसलं. ‘‘ऱ्हाऊ द्या,’’ तो म्हणाला. ‘‘उद्या गिऱ्हाईकानं विचारलं तर सांगीन, हितून इमानाला धक्का मारला व्हता.’’

आम्ही खाली उतरलो. रस्त्यावर ऊन चढलं होतं, मोंढ्यातून शेषराव हातवारे करत होता, त्याने सौदा थोपवून धरला असावा, कारण अडते त्याच्याशी वाद घालत होते. माझ्या शाळेची पहिली घंटा झाली होती. रोज मी माझ्या खोलीला कुलूप लावते आणि सवयीने ‘येते’ म्हणते, कुलपाला. ते काही म्हणत नाही, आणि मी कधी त्याचा विचार केला नव्हता. ‘‘अप्पा, येते,’’ मी म्हणाले. ते ढिगाकडे बघत घाईने निघाले होते, त्यांनी हात हलवला. मीही निघाले. पंपाच्या दुकानापाशी वळणारच होते तेवढ्यात मागून हाक आली, मोंढ्याची सगळी गडबड कापत, तशीच लांब. येऽऽऽऽ. हमालांनी माना वर केल्या. मी वळले. वाटलं, पर्स राहिली, छत्री राहिली. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते, पिवळ्या कपाळाचे, दोन्ही हात तोंडाशी धरलेले.

‘‘काय राहिलं, अप्पा?’’ मी तिथूनच ओरडले.

‘‘काही न्हाई,’’ ते ओरडले. ‘‘म्हणायचं राहिलं व्हतं. ये.’’